पुन्हा दिवस गेलेत, पण जीव धास्तावलेला: काय करायचं, कधी करायचं

मागचं बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा पाळी चुकली, किटवर दोन रेघा आल्या. घरात कुणी पेढ्यांचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. तासातासाला बाथरूममध्ये जाऊन कपड्याला डाग आहे का ते बघावंसं वाटतं. उलट्या झाल्या तर जीव हैराण होतो, आणि एखाद्या दिवशी नाही झाल्या तर त्याहून जास्त.

असं होणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, फक्त कुणी बोलत नाही. कळून आलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकी साधारण १० ते २० आपोआप संपतात. पहिल्या तीन महिन्यांत जे जातात, त्यातले निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असल्यामुळे जातात. हंडा उचलला, एसटीत हादरे बसले, पपई खाल्ली, जिना चढलात, नवऱ्याशी भांडलात, म्हणून ते गेलं नाही. आणि एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं बाळंतपण नीट पार पडतं.

हे वाचून भीती जात नाही. ती जावी म्हणून हा लेख नाहीच. मोबाइलवर या विषयाचे सल्ले वाचले तर पहिल्याच ओळीत दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. पण यवतमाळ, गडचिरोली किंवा मेळघाटातल्या गावात राहणाऱ्या बाईची निम्मी भीती मनातली नसतेच, ती रस्त्याची असते. रात्री दोनला पोटात दुखलं तर गाडी कोणाची? नाल्याला पूर असला तर? म्हणून इथं क्रम उलटा ठेवला आहे. आधी सोय, मग श्वास.

गावाला चार महिन्यांनी सांगा, आशाताईला पहिल्याच आठवड्यात

मागचा अनुभव वाईट असला की बाई नोंदणीच पुढं ढकलते. नाव लिहिलं की नजर लागेल, आणि पुन्हा काही झालं तर सगळ्या गावाला कळेल, अशी धाकधूक असते. ती समजण्यासारखी आहे. पण नोंदणी (शेवटच्या पाळीपासून मोजून) १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि तुमच्या बाबतीत जितकी लवकर तितकी बरी. आशाताईला स्पष्ट सांगा, "ताई, एवढ्यात कुणाले सांगू नका." उपकेंद्रातल्या सिस्टरलाही तेच सांगा.

नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. मागचा गर्भपात कितव्या महिन्यात झाला, पिशवी साफ केली होती का, हे त्यावर लिहून घ्या. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. तो पाहून घाबरू नका. गर्दीत डॉक्टरांचं लक्ष आधी तुमच्याकडं जावं, एवढ्यासाठीच तो असतो. मातृवंदना योजनेचे पैसे, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यात बुडालेल्या मजुरीपोटी मिळणारी मदत, आदिवासी भागात अंगणवाडीतला अमृत आहार, याचीही चौकशी त्याच वेळी करा. मागच्या वेळी बाळ गेलं म्हणून आता काहीच मिळत नाही, असं कुणी सांगितलं तर तोंडी ऐकून परत फिरू नका. तालुक्याला विचारा.

मागच्या वेळचे कागद शोधा

ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खाली, माहेरी, जिथं असतील तिथून काढा. हे काम जीवावर येतं. तुम्हाला जमत नसेल तर नवऱ्याला किंवा बहिणीला काढायला सांगा. त्या कागदांवर चार गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली, रक्तगट. तो निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर मागच्या वेळी अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का ते बघा. ते गर्भपात झाल्यावर ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. दिल्याची नोंद सापडली नाही तर तसं डॉक्टरांना सांगा, ते रक्ताची तपासणी करून पुढचं ठरवतील.

दुसरी, सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती या पट्ट्यात हे विचारलंच पाहिजे. आई स्वतः 'एसएस' रुग्ण असेल तर गर्भपाताचा आणि इतर त्रासांचा धोका वाढतो आणि देखरेख मोठ्या दवाखान्यातच हवी. 'एएस' म्हणजे नुसती वाहक असेल तर सहसा तिला काही होत नाही. पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून त्याचीही तपासणी सुरुवातीलाच करा. रक्त दोघांचं तपासायचं आहे, बोट फक्त सुनेकडं दाखवायचं नाही.

तिसरी, थायरॉइड आणि साखर. चौथी, आतापर्यंत असं किती वेळा झालं. दोन किंवा त्याहून जास्त वेळा झालं असेल तर "नशीब" म्हणून सोडू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाकडून कारण शोधायच्या तपासण्या करून घ्या. त्यासाठी नागपूरचं डागा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, अमरावतीचं डफरीन, नाहीतर आपल्या जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय गाठावं.

गाडी, पैसा, माणूस

हे एका संध्याकाळी नवऱ्यासोबत बसून ठरवा. रात्रीच्या भीतीवर याच्याइतका उतारा दुसरा नाही, असं माझं मत आहे.

गावात दिवसा कोणाची गाडी मिळते आणि रात्री कोणाची, दोन नावं पक्की करा. त्यांना आधी सांगून ठेवा, "रात्री-बेरात्री फोन आला तर उचलजा." १०८ ही तातडीची रुग्णवाहिका आणि १०२ ही गर्भवतीसाठीची गाडी, दोन्ही फुकट आहेत. दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये टाका, सासऱ्यांच्या साध्या फोनमध्येही. टॉवर घराच्या कोणत्या कोपऱ्यात धरतो ते सगळ्यांना माहीत असू द्या.

मग दवाखाना ठरवा. गाव ते आरोग्य केंद्र, आरोग्य केंद्र ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, किती वेळ लागतो? रात्री सोनोग्राफी कुठं होते? रक्त कुठं मिळतं? तुमच्या गटाचे दोन रक्तदाते घरात किंवा गावात कोण? हे एका कागदावर लिहून कार्डाच्या पिशवीत ठेवा. कपड्याची एक जोडी, पॅड, आधार कार्ड आणि थोडे सुटे पैसे त्याच पिशवीत.

पावसाळ्यात रस्ता तुटणारं गाव असेल, जसा पर्लकोटा नदीच्या पुरात भामरागडचा संपर्क दरवर्षी तुटतो, तर शेवटच्या महिन्याचा हिशेब आताच मांडा. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना लागून माहेरघर असतं, तिथं बाळंतपणाच्या आधी काही दिवस जाऊन राहता येतं. तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर तिथं राहायचं की तालुक्याच्या नातेवाइकाकडं, ते मे महिन्यात ठरलेलं बरं.

सोनोग्राफीची घाई

पाळी चुकल्याच्या चौथ्या दिवशी खासगी सेंटरला धावू नका. पाचव्या आठवड्यात ठोके दिसतच नाहीत, आणि "अजून काही दिसत नाही, पंधरा दिवसांनी या" हे ऐकून ते पंधरा दिवस निखाऱ्यावर जातात. दुखत नसेल आणि अंगावरून जात नसेल तर सातव्या आठवड्याच्या आसपास करा. तेव्हा ठोके बहुधा दिसतात, आणि ते दिसल्यावर गर्भपाताचा धोका बराच खाली येतो. सुरुवातीची सोनोग्राफी कधी खालून करतात. त्यानं गर्भाला धक्का लागत नाही.

पुढची ११ ते १३ आठवड्यांची आणि मग १८ ते २० आठवड्यांची, जिच्यात बाळाचे अवयव बघतात. मध्ये दर आठवड्याला करून मन शांत होत नाही, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तेच सुरू. त्यापेक्षा सिस्टरशी ठरवून दर पंधरा दिवसांनी उपकेंद्रात जा. बीपी, वजन आणि पुढं ठोके ऐकायचे. बाराव्या-चौदाव्या आठवड्यात यंत्रावर ठोके पटकन सापडत नाहीत, त्याचा लगेच वाईट अर्थ लावू नका. ऑनलाइन मिळणारं ठोके ऐकायचं यंत्र घरी आणूच नका. स्वतःच्याच नाडीचा आवाज बाळाचा समजून दवाखान्यात जायला उशीर होतो, नाहीतर काहीच ऐकू आलं नाही म्हणून उगाच जीव जातो.

चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून ती चालू आहे. गर्दी फार असते, डॉक्टरांसमोर दोन-तीन मिनिटं मिळतात. म्हणून प्रश्न घरून लिहून न्या आणि कागद सरळ त्यांच्या हातात द्या. नमुना: "मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात गेलं. या वेळी वेगळी काही तपासणी लागते का? कामाला जाऊ का? रात्री काही झालं तर थेट कुठं जाऊ?"

डाग दिसला तर

सुरुवातीच्या महिन्यांत थोडंफार रक्त दिसणं साधारण चारातल्या एका बाईला होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळ टिकतं. म्हणून डाग दिसला की सगळं संपलं असं नाही. पण अंगावरही काढायचं नाही.

तपकिरी किंवा गुलाबी, थोडासाच, दुखत नाही: पॅड लावा, वेळ लिहा, सिस्टरला फोन करा आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरला दाखवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते जाताच सांगा.

लगेच निघायचं ते असं: तासाला एक पॅड भिजतो आहे, गाठी जात आहेत, पोटात एका बाजूला जोरात दुखतं, खांद्यात कळ येते, डोळ्यांपुढं अंधारी येते, ताप आहे. गडचिरोलीकडं ताप म्हटलं की त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासायचं. मलेरियानं रक्त घटतं आणि गर्भालाही धोका होतो. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, मलेरियाची काही औषधं गर्भारपणात चालत नाहीत.

दाईकडून पोट चोळून घेणं नको. मेडिकलवरून "गर्भ टिकवायची गोळी" आणणंही नको. मागे गर्भपात झालेला असून या वेळी रक्त दिसलं तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनचं औषध देऊ शकतात, पण ते तपासून. आणि महिनोन्महिने खाटेवर पडून राहिल्यानं गर्भपात टळतो, याला आधार नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि दिवसभर आढ्याकडं बघत पडलेल्या बाईच्या डोक्यात काय काय येतं ते तिलाच माहीत.

धडधड म्हणजे टेन्शनच, असं नाही

छातीत धडधड, दम लागणं, हातपाय थरथरणं, चक्कर. हे भीतीनं होतं, पण रक्त कमी असलं तरी हुबेहूब असंच होतं, थायरॉइड बिघडलं तरी होतं, उपाशी राहिलं तरी होतं. म्हणून "मनाचा खेळ आहे" म्हणण्याआधी रक्त तपासा. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर.

पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक. ती चहासोबत घेतली तर फुकट जाते. लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. दिवसाला पाच-सहा कप चहा असेल तर दोनवर आणा, धडधडही कमी होईल. हे बाळ टिकावं म्हणून सोमवार-गुरुवार कडक उपवास धरणाऱ्या बायका गावोगावी आहेत. देवाला हात जोडा, पण पोटात भाकर असू द्या.

खर्रा आणि नस-गुडाखूचं थोडं स्पष्ट बोलू. आमच्याकडं बायकाही खातात, आणि टेन्शन वाढलं की पुडीही वाढते. तंबाखूनं गर्भपाताचा आणि बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. एकदम सुटत नसेल तर लपवू नका, सिस्टरला सांगा. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप किंवा भाजलेले फुटाणे जवळ ठेवा.

शेतातलं नेहमीचं हलकं काम चालतं. पण जड गाठोडं, एप्रिल-मेच्या दुपारी ऊन आणि फवारणी हे तिन्ही बंद. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेच औषध फवारणाऱ्याच्या कपड्यांवर बसून घरी येतं. ते कपडे तुम्ही धुवायचे नाहीत, आणि नुकत्याच फवारलेल्या कपाशीत जायचं नाही.

आता मनाचं

दिवस लांब दिसत असेल तर नऊ महिन्यांचा विचारच करू नका. पुढच्या तपासणीपर्यंतचा करा. "मंगळवारी सिस्टरकडं जायचं आहे, तोवर एवढंच."

एक वही करा, पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडं आज प्रत्यक्ष काय झालं ते, उजवीकडं मनात काय आलं ते. डावीकडं: "आज मळमळ नव्हती. डाग नाही. दुखलं नाही. दोन पोळ्या खाल्ल्या." उजवीकडं: "मळमळ थांबली म्हणजे बाळ गेलं." असं शेजारी-शेजारी लिहिलं की फरक डोळ्यांना दिसतो. (तिसऱ्या महिन्यानंतर मळमळ कमी होणं नेहमीचंच आहे.) लिहिता येत नसेल तर फोनमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा.

काळजीला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर अर्धा तास, मनसोक्त. सकाळी भांडी घासताना विचार आला तर त्याला "संध्याकाळी बघू" म्हणायचं. पहिल्या आठवड्यात हे हास्यास्पद वाटतं, मग हळूहळू जमतं.

बाथरूममध्ये जाऊन बघण्याची सवय एकदम मोडत नाही. लघवीला जाल तेव्हाच बघायचं, खास बघायला जायचं नाही, एवढाच नियम करा.

रात्री अचानक घाबरं झालं, घाम फुटला, तर उठून बसा. पाय जमिनीला टेकवा. नाकानं चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. सोडायचा श्वास लांब, हे महत्त्वाचं. मग दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं हळू आवाजात घ्या: पंखा, खुंटीवरची पिशवी, माठ, कॅलेंडर, चप्पल. अशी घबराट साधारण दहा-वीस मिनिटांत ओसरते. ओसरली नाही, किंवा सोबत दुखणं-रक्त असलं, तर मात्र ठरलेल्या गाडीला फोन.

आणि रात्री यूट्यूबवर "गर्भपाताची लक्षणे" शोधणं बंद. हे मी विनंती म्हणून नाही, नियम म्हणून सांगते.

घरातली माणसं

सासूचं मन वाईट असतं असं नाही, तिचीही धास्तीच बोलत असते. पण "मागच्या वेळी ऐकलं असतं तर" हे दिवसातून तीनदा ऐकणं कठीण. भांडू नका, पण गप्पही बसू नका: "आई, मागच्या वेळचं नका काढू आता, मले रात्रभर झोप येत नाही." विहिरीवर कुणी विचारलं, "का वं, या वेळी तरी टिकते का?" तर उत्तर तयार ठेवा: "दवाखाना चालू आहे माय." आणि घागर भरून निघायचं.

बुवाबाजीचं मी असं ठरवलं आहे: कपाळाला अंगारा लावला, हाताला दोरा बांधला, तर त्यावरून घरात रण माजवायचं नाही. पण पोटात जाणारं काहीही नाही, मग ती जडीबुटी असो की पुडी. अंगाला हात लावणं नाही, मारझोड नाही, आणि दवाखान्याची तारीख चुकवणं नाही. करणीच्या नावाखाली छळ होत असेल तर महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. महिलांची मदतवाहिनी १८१.

नवऱ्यांसाठी: "टेन्शन घेऊ नको" म्हणणं सोडा, त्यानं कुणाचंच टेन्शन गेलेलं नाही. तपासणीला सोबत जा, बाहेर गाडीपाशी उभं न राहता आत जा. पाणी भरणं आणि ओझं तुमच्याकडं घ्या. तुमचंही बाळ गेलं होतं. ते एकदा तरी तिच्यापाशी बोला, पारावर नाही.

मागच्या वेळी गेलं तो आठवडा

त्या आठवड्यात सगळं पुन्हा वर येतं. कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत एक तपासणी ठरवा, एकटं राहू नका, जमलं तर बहीण किंवा माय येऊ द्या. गेलेल्या बाळासाठी दिवा लावावासा वाटला तर लावा. या बाळावर त्याची सावली पडत नाही. या बाळाविषयी माया वाटत नाही, कपडे घ्यावेसे वाटत नाहीत, हेही होतं. त्यानं तुम्ही वाईट आई ठरत नाही. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण नको वाटत असेल तर घरातल्या घरात ओटी भरून भागतं.

बाळ हलायला लागल्यावर

बहुधा १६ ते २४ आठवड्यांत हालचाल जाणवते. २८ आठवड्यांनंतर रोज ठरावीक वेळी, जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा बाळ शांत वाटलं, तर सकाळची वाट न बघता निघा. "शेवटच्या महिन्यात बाळ सुस्तावतं" हे खरं नाही. पाणी जाणं, जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढं धूसर होणं, तोंड-हात सुजणं, यातही तसंच. दवाखान्यात जाऊन सगळं ठीक निघालं तर लाज वाटून घेऊ नका. चार वेळा फुकट गेलं तरी पाचव्यांदा जा.

हे एकटीनं निभणार नाही, कधी समजायचं

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सतत रडू येतं, रोज घबराट येते, तपासणीला जायचीच भीती वाटते, किंवा जीव नकोसा झाला आहे असं मनात येतं. शेवटचं असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. गर्भारपणात चालणारी औषधं आहेत. आधीपासून मनाच्या गोळ्या चालू असतील तर बाळाच्या भीतीनं स्वतःच बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदला.

बाळंतपण झालं की भीती त्याच दिवशी संपत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. बाळाचा श्वास चालू आहे का म्हणून रात्री दहादा उठणाऱ्या आया यातल्याच. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. घरोघर जाऊन नवजात बाळाला बघण्याची ही पद्धत गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत उभी राहिली. आशाताईनं बाळाचं वजन केलं, ताप पाहिला, की तिला पाच मिनिटं थांबवा आणि स्वतःचं सांगा: झोप किती लागते, रडू किती येतं, मनात काय येतं.